आभाराचं पान

मला नीतिमत्तेवरून काढलं, हे खरं आहे. कुणी विचारलं तर मी लपवत नाही. अठ्ठ्याण्णव सालच्या मार्चमध्ये विद्यापीठाच्या समितीनं ठराव केला, की चंदनबाला मगदूम, संशोधन सहायक, हिनं खोटं पत्र तयार केलं, सरांची सही ठोकली आणि वर कॉलेजचा शिक्का मारला. तिन्ही गोष्टी मी केल्या. पण समितीतल्या पाच जणांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की बाई, का केलंत? विचारलं असतं तर त्यांचा चहा गार झाला असता ना!

मी सांगलीजवळच्या खेड्यातली. आमचं जैनांचं शेतकरी घर. एम.ए. झाले, लग्न जमत नव्हतं, तेव्हा सुमंत सरांच्या प्रकल्पात लागले. सर आमच्या कॉलेजात समाजशास्त्राचे प्रमुख, मूळचे साताऱ्याचे. इतका गोड माणूस की रागावला तरी 'अहो मगदूम' म्हणत रागावणार. दिल्लीहून त्यांना अनुदान मिळालं होतं. विषय असा, की माण तालुक्यातल्या बायका घरातले कोणकोणते निर्णय स्वतःच्या मनानं घेतात. सर निर्णय कागदावर मोजणार आणि ते गोळा करायला उन्हातान्हात मी जाणार. वर्षभरात सर वाडीवर आले दोनदा, तेही गाडीनं.

दहिवडीच्या पुढं आठ किलोमीटरवर ती वाडी. कर्ते पुरुष सगळे मुंबईला माथाडी कामावर, घरी म्हातारीकोतारी, बायका, पोरं आणि शेरडं-मेंढरं. मी सोळा बायका निवडल्या. प्रत्येकीला आधी सांगायचे, की तुम्ही बोलाल ते आमच्यात राहील, तुमचं नाव कुठंही येणार नाही, तुम्हाला फक्त नंबर. मग संमतीच्या कागदावर अंगठा घ्यायचा.

सात नंबरची हौसा. वय सव्वीस, दोन मुली, नवरा नाथाजी मुंबईत. ती अंगठा द्यायला तयारच होईना. साक्षरतेच्या वर्गात सही शिकली होती. माझं पेन घेतलं, जीभ दातात धरली आणि अख्खं नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट. मग विचारलं, "पुस्तक छापनार म्हनं? त्यात माजं नाव येनार न्हाई व्हय?"

"नाही. तुमच्याच भल्यासाठी."

"आता गं बया! रेशनकार्डावर दुसऱ्याच्या हातचं, मतदानाच्या यादीत बी दुसऱ्याच्या हातचं. म्हनलं ह्यात तरी आपलं आपन दिल्यालं येतंय." हसत बोलली, पण पडलेला चेहरा मला दिसला. तो चेहरा माझ्या डोक्यातून जाईना, तिथंच माझा घात झाला.

तिनं मला जे सांगितलं ते माळावर, शेरडं चारताना. चार महिने मी तिच्यामागं फिरले तेव्हा कुठं बोलली. दुसऱ्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आता तिसरं नको. घरी सासूनं, अंबूबाईनं, नातवासाठी असेल नसेल त्या देवाला नवस बोलून ठेवलेले. हौसानं काय केलं, दळण आणायला म्हणून दहिवडीला गेली आणि दवाखान्यात तांबी बसवून आली. मूल राहू नये म्हणून बसवतात ती. याला तीन वर्षं झाली होती. नवऱ्याला माहीत नाही, सासूला माहीत नाही. अंबूबाई दर अमावास्येला तिच्यावरून लिंबू उतरून टाकायची आणि ही गुमान उभी राहायची.

"म्या गेले तर ह्या दोगींचं कोन करील? म्हनून केलं. बाई, तुमी कुनाला बोलायचं न्हाई हां. आमच्या मालकास्नी कळलं तर मला उभी ठेवनार न्हाईत आन पोरी बी देनार न्हाईत."

मी शपथ घेतली. वाडीवर दोन मुली आणि मुंबईला नवरा अशा आणखी दोघी होत्या, तेव्हा नुसत्या वर्णनावरून कुणी ओळखणार नाही, असा हिशेबही मी केला. लय शहाणी मी!

अहवाल लिहून झाला, सांगलीत छापायला गेला. सगळीकडं 'स्त्री क्रमांक एक', 'स्त्री क्रमांक दोन'. शेवटी आभाराचं पान. आता आपल्याकडं आभार म्हणजे काय, ते मी सांगायला नको. लग्नपत्रिका असो की प्रबंध, एक नाव राहिलं तर जन्माचं वैर. सरांनी प्राचार्यांचे आभार मानले, संचालकांचे मानले, सौंचे मानले, प्रूफं तपासणाऱ्याचे मानले. मला एकदम वाटलं, आणि ज्यांनी पोटातलं काढून दिलं त्या सोळा बायका काय मेल्यात? मी खाली ओळ घातली, की पुढील भगिनींनी आपला वेळ दिला त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. आणि सोळा नावं लिहिली. हौसाचं नाव लिहिताना मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

नावं मी माझ्या वहीतून उतरवली, वहीत होती त्याच क्रमानं. सातव्या जागी हौसा. नुसती अकारविल्हे लावली असती तरी निभावलं असतं. तेवढी अक्कल मला सुचली नाही आणि सरांनी प्रूफ वाचलं ते फक्त प्राचार्यांच्या नावापुढं 'डॉ.' लागलंय ना, एवढ्यापुरतं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर वाडीच्या शाळेत पुस्तकाचा समारंभ. माईक, शाल, नारळ, सगळं. सरपंच भाऊसोंनी उत्साहानं आभाराचं पान वाचून दाखवलं. एकेक नाव घेतलं की टाळ्या. हौसाचं नाव आलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला आणि धाकटीला कोपरानं ढोसलं, ऐक म्हणून. सरांनी त्या टाळ्यांचा फोटो काढून घेतला, अनुदानवाल्यांना पाठवायला.

एक प्रत शाळेत राहिली. नाथाजीचा धाकटा भाऊ दहावी झालेला, त्याला वाचनाचा नाद. त्यानं वाचलं, की स्त्री क्रमांक सातनं घरच्यांना न सांगता तांबी बसवून घेतली. मग मागचं पान काढलं आणि बोटानं मोजलं. एवढंच. त्याला चार दिवससुद्धा लागले नाहीत.

त्याच सुमारास विद्यापीठाचं परिपत्रक आलं. यापुढं ज्याला अनुदान हवं त्यानं संशोधनाच्या नीतीचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलंच पाहिजे, प्रमाणपत्र नाही तर अर्ज नाही. आणि हे प्रशिक्षण देणार कोण? आमचे सुमंत सर! त्यासाठी त्यांना वेगळं अनुदान मंजूर. जागा ठरली पाचगणी. का, तर सांगलीच्या उकाड्यात नीती डोक्यात शिरत नाही.

फेब्रुवारीत, आम्ही पाचगणीला निघायच्या आदल्या दिवशी, हौसाच्या भावाचं कार्ड कॉलेजच्या पत्त्यावर आलं. हौसाला घराबाहेर काढलं होतं, ती शेजारच्या वाडीत भावाकडं होती. पोरी सासूकडं. हौसानं कानावर हात ठेवले होते, मी नव्हं ती, नंबर चुकलाय. भाऊसो भला माणूस, तिच्या बाजूनं उभा राहिला होता. त्यांचा निरोप कार्डात होता, की सरांनी शिक्क्यानिशी दोन ओळी लिहून द्याव्यात, सात नंबर म्हणजे हौसा नव्हे. नाथाजी मुंबईहून आलाय, रविवारी सकाळी देवळापुढं बसायचं ठरलंय. पत्र आलं तर मिटवतो, नाही आलं तर पोरी गेल्या म्हणून समजा.

मी कार्ड घेऊन सरांकडं धावले. ते सामानाची यादी बघत होते. म्हणाले, "अहो मगदूम, पाचगणीला बोलू."

पाचगणीला बासष्ट प्राध्यापक आले होते. नीतीच्या तासाला निम्मे लोक टेबल लँडवर घोडे बघायला, आणि 'अनुदानाच्या संधी' या तासाला खुर्च्या कमी पडल्या, मागचे उभे राहून लिहून घेत होते. कोणती योजना, अर्ज कधी, रक्कम किती, टंकलेखनाचा खर्च धरतात का. स्ट्रॉबेरीवर क्रीम घालून देत होते. मी बशी तशीच परत ठेवली. शनिवारी सकाळी मी सरांना व्हरांड्यात गाठलं आणि कार्ड त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. "वाईट झालं," म्हणाले. "पण क्रमांक सात हौसाच आहे ना?"

"आहे."

"मग नाही म्हणून कसं लिहून देऊ? अहो, हे असत्य विधान झालं. तेही अभ्यासात गोळा केलेल्या माहितीबद्दल. इथं बासष्ट लोकांना मी काय शिकवतोय?"

"सर, तिच्या पोरी जातील. चूक आपली आहे, तिची नाही."

"चूक तुमची आहे, मगदूम," अगदी हळू, प्रेमानं म्हणाले. "मी तुम्हाला दोष देत नाही. पण एक आकडा खोटा आहे असं मीच लिहून दिलं, तर अनुदान देणारे म्हणतील सगळेच खोटे. पुढचा प्रकल्प माझा त्यांच्याच टेबलावर आहे. तुमची फेलोशिपसुद्धा त्यातच धरलीय." आणि माझ्या खांद्यावर थोपटून आत गेले.

आत गेले आणि बोलायला उभे राहिले. विषय होता, सहभागी व्यक्तीचं हित. "आपल्या अभ्यासापेक्षा तो माणूस मोठा," असं म्हणताना त्यांचा गळा दाटून आला. खरोखर आला, नाटक नव्हतं ते. म्हणून तर मला त्यांचा जास्त राग येतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान! कराडकडच्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकानं हात वर केला, "पण सर, आपल्यामुळं नुकसान झालंच तर काय करायचं?" सर म्हणाले, "नोंद करायची. अहवालात 'अभ्यासाच्या मर्यादा' या शीर्षकाखाली." सगळ्यांनी लिहून घेतलं.

दुपारी मी खोलीत बसून प्रमाणपत्रं लिहीत होते. सरांचा हात दुखत होता, म्हणून सह्याही मीच करायच्या असं त्यांनीच सांगितलं होतं. 'संशोधनातील नीतिमत्तेचे प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केले', खाली सरांची सही, माझ्या हातची. बासष्ट वेळा केली. शिक्का माझ्याचजवळ. मग कॉलेजच्या नावाचा कोरा कागद घेतला आणि लिहिलं, की छपाईत नावांचा क्रम चुकला असून क्रमांक सात म्हणजे सौ. हौसा नव्हे, याची संबंधितांनी नोंद घ्यावी. त्रेसष्टावी सही ठोकली. पुढं हे उघडकीला आलं ते भाऊसोंमुळं, त्यांनी भोळेपणानं सरांना धन्यवादाचं पत्र टाकलं. बासष्ट सह्यांबद्दल समितीनं चकार शब्द काढला नाही.

संध्याकाळच्या एस.टी.नं साताऱ्याला उतरले, मैत्रिणीकडं पाठ टेकली, पहाटेच्या गाडीनं दहिवडी आणि तिथून वडापच्या, माणसं कोंबून भरलेल्या जीपनं वाडी. सगळ्या वाटेत एकच विचार, की पत्र वेळेत पोचलं म्हणजे झालं. पोचले तेव्हा देवळापुढं माणसं बसलेली. पुरुष सतरंजीवर, बायका पायरीच्या कडेनं. हौसा एकटी, भावाच्या मागं. मला बघून ती उठूनच उभी राहिली.

भाऊसोंनी पत्र मोठ्यानं वाचलं, शिक्का सगळ्यांना दाखवला. "बघा रं, म्या म्हनलं हुतं का न्हाई? छापखान्याची चूक. उगं लेकीबाळीवर आळ घेताय." दोन-चार जणांनी मान हलवली. नाथाजी वाईट माणूस नव्हता, त्यानंही मोठा श्वास सोडला आणि टोपी काढून डोकं पुसलं. धाकटी पोरगी आजीच्या हातून सुटून हौसाकडं पळाली. मला वाटलं, जिंकलं. काय ती नीती घालायची चुलीत, एक घर वाचलं!

तेवढ्यात अंबूबाई म्हणाली, "बरं. आमची न्हाई तर न्हाई. मग सात नंबर कुनाचा?"

मी म्हणाले, "ते सांगायचं नसतं, आवं. गुप्त असतं."

"आमचं गुप्त ऱ्हायलं न्हाई, मग दुसरीचंच कसं ऱ्हाईल? पंधरा दिस लोकांनी माज्या तोंडावर थुकायचं बाकी ठेवलं हुतं. पुस्तक खोटं न्हाई, तर ती बाई हाय वाडीतलीच. दोन पोरी आन नवरा ममईला, असं लिवलंय. अशा तिगी हायत. हौसा न्हाई. दुसरीला तर सातवा म्हैना लागलाय, ती बी न्हाई. ऱ्हायलं कोन?"

म्हातारीला अक्षर येत नव्हतं, पण हिशेब येत होता. माझ्या एम.ए.च्या डोक्यात हे आलंच नव्हतं. सगळ्यांच्या माना वळल्या त्या बनुबाईकडं. बनुबाई माझी अकरा नंबर. तिच्या मुलाखतीत मी लिहिलं होतं, की नवरा रजेवर आला की पहिल्या दिवशी मारतो, कारण नसलं तरी. तिला तांबी काय, दवाखान्याचा रस्ता माहीत नव्हता. आणि तिचा नवरा जत्रेची रजा आधीच घेऊन आलेला, सतरंजीवरच बसला होता. तो उठला.

"न्हाई वो," बनुबाई म्हणाली. "म्या न्हाई. देवाच्यान म्या न्हाई." भिंतीला सरकत सरकत मागं गेली. नवऱ्यानं तिच्या दंडाला धरलं.

मी ओरडले, "त्या नाहीत! बनुबाई नाहीत!"

"मग कोन?" अंबूबाईनं विचारलं. "सांगा की."

मी काय सांगणार? तोंड उघडलं तर हौसा जात होती, मिटलं तर बनुबाई. मी भाऊसोंकडं बघितलं, भाऊसो पत्राकडं बघत होते.

हौसानं धाकटीला कडेवरून खाली ठेवलं. "सोडा तिला," बनुबाईच्या नवऱ्याला म्हणाली. "ती न्हाई. म्या हाय सात नंबर. तांबी म्या बसवली. बाईनं माज्यासाठी खोटं लिवलंय."

बनुबाईच्या नवऱ्यानं हात सोडला आणि परत जागेवर जाऊन बसला. काही झालंच नाही असा बसला, मेला. बनुबाईनं हौसाकडं बघितलंसुद्धा नाही, पदर सारखा केला आणि बायकांच्या मागं जाऊन उभी राहिली.

नाथाजीनं टोपी परत डोक्यावर घातली. "मरनार हुतीस असं मला सांगितलं असतंस तर?"

"सांगितलं हुतं," हौसा म्हणाली. "धाकटीच्या बारशाला. तुमी म्हनला, आईला इचार."

चारचौघांत उत्तर नसलं की पुरुष काय करतो? निकाल देतो. "पोरी हितं ऱ्हातील," तो म्हणाला. "तू जा."

"धाकटी तरी द्या. अजून माज्याशिवाय झोपत न्हाई ती."

"न्हाई," अंबूबाई म्हणाली आणि धाकटीला उचलून घेतलं. भाऊसोंनी पत्राची घडी घातली आणि खिशात ठेवली. म्हणाले, "चला, मिटलं एकदाचं. सरांचं उपकार झालं."

हौसा भावाबरोबर वाटेला लागली. मी मागं धावले. "हौसाबाई, थांबा. मी सांगलीत वकील बघते. पोरी आईला मिळतात, कायदा आहे. मी सगळं लिहून देते, साक्ष देते, काय लागेल ते..."

ती वळली. मला वाटलं होतं शिव्या देईल. दिल्या असत्या तर मला परवडलं असतं.

"बाई," ती म्हणाली, "तुमी आता काय बी बोलू नगा. लिवू बी नगा. तुमी आमचं भलं कराय लागला की कुनाचं तरी घर जातंय."

आणि गेली. मी तिथंच उभी राहिले. देवळापुढली माणसं उठत होती, सतरंजी झटकत होती. धाकटी रडून रडून आजीच्या खांद्यावर गप झाली होती. थोरली पायरीवर बसून होती, तिच्याकडं सकाळपासून कुणी बघितलंच नव्हतं. अंबूबाईनं तिला हाताला धरून उठवलं.

"उद्यापास्नं शाळंत जायाचं न्हाई. शेरडं तूच वळायची, आता कोन हाय दुसरं?"

पोरगी तिसरीत होती. ती व्हय म्हणाली.